मुद्देमाल क्रमांक चौदा

अमळनेरच्या कोर्टात माझ्या खोलीला खिडकी नाही.
कोयते, कुलपं, एक फाटकी साडी, बरणीतलं काहीतरी,
प्रत्येकाच्या गळ्यात दोरा, चिठ्ठी, लाखेचा ठिपका.
सायकल तेवढी आत मावली नाही.
मागच्या अंगणात निंबाखाली लावली,
नंबर चौदा.

हिच्या कॅरिअरवर बांधून
हिलाल सोनजी पाटलांची पाण्यातली मोटार
बोरीकाठावरून रातोरात नेली,
असं फिर्याद म्हणते.
मोटार मिळाली नाही.
सायकल मिळाली,
सायकलीसोबत उखा सुकलाल भिल मिळाला.

पंच क्रमांक दोन कोपऱ्यावरचा पानटपरीवाला.
त्याची सही मी डोळे मिटून ओळखते.

जामीन मिळाला, जामीनदार मिळेना.
अकरा महिने जळगावच्या जेलात.
नंतर दर तारखेला यायचा,
दाराच्या चौकटीला न टेकता उभा राहायचा.
'बाई, मनी सायकल कव्हय भेटी?'
'निकाल लागल्यावर.'
एवढं बोलताना माझा हात
पर्स ठेवलेला ड्रॉवर आत लोटायचा.
दर तारखेला.
लोट म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.

साहेब एकदा मधल्या सुट्टीत
नव्या वकील मुलींना समजावत होते:
गुन्हा शाबीत होईपर्यंत
तो पिंजऱ्यातला आणि हा खुर्चीतला
कायद्याला सारखेच निर्दोष.
मुलींनी वहीत उतरवून घेतलं.
सुट्टी संपली, पट्टेवाल्यानं पुकारा केला,
'आरोपी उखा सुकलाल हाजिर है?'
आरोपी चपला बाहेर काढून आत आला.
फिर्यादी बुटांसकट बाकावर बसले होते.

याच सायकलीवर तो तापीचे मासे आणून विकायचा.
पहिला महिनाभर
बाजारातली मांजरं येऊन कॅरिअर हुंगत बसायची.
मोटारीच्या ग्रीसला मांजर कशाला येईल?
पण मांजराची साक्ष नोंदवायची कुठे,
आणि चोरीच्या रात्री त्या पाटीत मासे होते
की खाली आणखी काही,
हे मांजरालाही सांगता येणार नाही.
त्यानं केलं की नाही,
मला तेव्हा ठाऊक नव्हतं,
आजही नाही.
हे न ठाऊक असणं
पदरात निखारा धरल्यासारखं धरून बसावं लागतं,
माझ्याच्यानं ते एक मिनिटही झालं नाही,
ड्रॉवर साक्षीला आहे.

सहा उन्हाळे गेले.
टायर आधी भेगाळले, मग पापडासारखे गळून पडले.
सीटमधला काथ्या खारीनं घरट्याला नेला.
गावात त्याचे मासे कुणी घेईना,
बायको सुरतेकडे ऊसतोडीला गेली, ती तिकडचीच झाली.
इकडे चिठ्ठीवरची शाई उडाली,
दोन वेळा मीच नव्यानं लिहिली:
चौदा. चौदा.

निकालाला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.
'संशयाचा फायदा देऊन मुक्तता.'
तो सरळ माझ्या दारात.
'बाई, फायदा कितला शे?'
थट्टा नव्हती. काही रक्कम मिळते
असं त्याला खरंच वाटलं होतं.
मी रजिस्टर पुढे सरकवलं,
वस्तू परत मिळाल्याचा रकाना,
त्यात त्याचा अंगठा.

दोरा कापला. सायकल एक पाऊलही चालेना,
चेन गंजून एकच लोखंड झालेली.
त्यानं ती खांद्यावर घेतली.
फाटकातला नवा शिपाई त्याला ओळखत नव्हता,
तरी हात आडवा घातला.
'कोनी शे?'
'मनी.'
'कशावरून?'

उखानं सायकल खाली ठेवली.
वरच्या खिशातून माझ्या सहीची पावती काढली,
दाखवली, घडी केली,
आणि परत ठेवताना
निम्मी बाहेर दिसेल अशी ठेवली.
अजून बाजार ओलांडायचा होता.